ब्रेक दाबला नाहीत, तेच बरं झालं

पत्र:

नमस्कार. मे महिन्यात नात्यातलं लग्न आटोपून आम्ही पुण्याहून मुलुंडला परतत होतो. गाडी मी चालवत होते. शेजारी मोठे दीर, मागे सासूबाई, जाऊबाई आणि माझा मुलगा, डिकीत लग्नाच्या बॅगा. घाट उतरून खालापूरचा टोल ओलांडला आणि थोड्या वेळाने मागून सुतळी बॉम्बसारखा आवाज झाला. गाडी मागून सापासारखी वळवळायला लागली. मी मधल्या लेनमध्ये होते, वेग ९५ च्या आसपास. मी स्टिअरिंग घट्ट धरून बसले. ब्रेक दाबायचं सुचलंच नाही. गाडी हळूहळू मंदावली, मग डावीकडे घेतली. मागचा डावा टायर चिंध्या झाला होता. भाऊजींनी तिथेच स्टेपनी लावली. बाहेर कडक ऊन होतं म्हणून बाकीची मंडळी गाडीतच बसून राहिली.

तेव्हापासून येईल त्याला भाऊजी सांगतात, "हिला ब्रेक मारायचंही भान राहिलं नाही." खरं तर निघताना त्यांनीच पंपावर हवा कमी करून २६ करून घेतली होती, उन्हाळ्यात टायर फुटतात म्हणून. गाडी २०१९ ची आहे, जेमतेम २९ हजार किलोमीटर चालली आहे. एक नवा टायर टाकला, बाकीचे तीन चांगले आहेत असं गॅरेजवाले म्हणतात. घाट उतरताना जळका वास येत होता आणि ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खाली जात होतं, पण मी कोणाला बोलले नाही. गणपतीला चिपळूणला जायचं आहे. मी गाडी चालवू की नको? फुटलेला टायर अजून बिल्डिंगखाली पडून आहे.

– एक वाचक, मुलुंड

उत्तर:

ताई, आधी तुमच्या मनातला काटा काढतो. त्या क्षणी ब्रेक न दाबणं हेच बरोबर होतं. तुम्हाला ते सुचलं नाही म्हणून घडलं असेल, पण घडलं ते योग्यच. गाडीतली पाच माणसं धडधाकट घरी पोचली, त्यात याचा मोठा वाटा आहे.

मागचं चाक फुटलं की गाडीची मागची बाजू लंगडी होते. अशा वेळी ब्रेक दाबला तर गाडीचा भार पुढे झुकतो आणि मागची चाकं आणखी हलकी होतात. मग मागची बाजू पुढच्या बाजूला गाठायला धावते आणि गाडी गर्रकन फिरते. मधल्या लेनमध्ये ९५ च्या वेगात गाडी आडवी झाली असती आणि मागून कंटेनर येत असता, तर काय झालं असतं ते मी लिहीत नाही. पुढचा टायर फुटला तर गाडी फुटलेल्या बाजूला जोरात ओढते. तिथेही ब्रेक दाबला की ती ओढ वाढतेच.

मात्र गोठून जाणं दर वेळी उपयोगी पडेल असं नाही, म्हणून काय करायचं ते नीट समजून घ्या. दोन्ही हात स्टिअरिंगवर, घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी, पक्के. गाडी सरळ ठेवण्यापुरतंच स्टिअरिंग वळवायचं, झटका द्यायचा नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पायही पटकन उचलायचा नाही. पाय झटकन काढला तरी भार पुढे येतो आणि ब्रेक दाबल्याचाच थोडा परिणाम होतो. आहे तसा क्षणभर राहू द्यायचा, गाडी हाताखाली आली असं वाटलं की हळूहळू सोडायचा. क्लचला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही. फुटलेला टायर स्वतःच रस्त्यावर घासून गाडी मंदावतो. वेग ४०-५० वर आला की मग हलका ब्रेक, डावा इंडिकेटर आणि कडेची पट्टी. रिम वाकते, खराब होते. होऊ द्या. रिम वाचवायला कोणी मधल्या लेनमध्ये थांबू नये.

भाऊजींनी स्टेपनी लावली, यात त्यांचं कौतुकच आहे. पण तुमच्या पत्रातलं जे वाक्य मी दोनदा वाचलं ते पुढचं: बाकीची मंडळी गाडीतच बसून राहिली. टायर फुटला त्या दहा सेकंदांपेक्षा मला ती पंधरा-वीस मिनिटं जास्त धोक्याची वाटतात. द्रुतगती मार्गाच्या कडेला उभ्या असलेल्या गाडीवर मागून ट्रक येऊन आदळतो, ही बातमी आपण किती वेळा वाचली आहे. शिवाय जॅकवर चढवलेल्या गाडीत माणसं बसलेली असली तर गाडी हलून जॅकवरून सुटू शकते. म्हणून चारही इंडिकेटर चालू करायचे, सगळ्यांनी डाव्या दारांनी उतरायचं आणि लोखंडी कठड्याच्या पलीकडे, गाडीपासून थोडं मागे जाऊन उभं राहायचं. सासूबाईंना ऊन लागत असेल तर छत्री द्या, पण गाडीत बसू देऊ नका. लाल त्रिकोण डिकीत असतोच. तो निदान पन्नास पावलं मागे नेऊन ठेवायचा, वेगवान रस्त्यावर त्याहून लांब, आणि तिकडे जाताना येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून कठड्याच्या पलीकडून चालायचं. उजव्या बाजूचं चाक फुटलं असेल तर बदलायच्या फंदात पडू नका, मदत मागवा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, कुठेही ११२, रुग्णवाहिकेला १०८. हे तीन आकडे मुलालाही पाठ करून द्या.

आता त्या टायरकडे येऊ. भंगारवाल्याला दिला नाहीत, फार बरं केलंत. उजेडात घ्या आणि आतून बघा. आत काळी रबराची भुकटी किंवा बारीक गोळ्या दिसल्या, आणि टायरच्या कुशीवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, गोल फिरून घासल्याचा पट्टा दिसला, तर तो टायर कमी हवेवर चालून मेला आहे. खड्ड्याचा किंवा दगडाचा मार असेल तर बहुतेक एकाच जागी फाटल्याची खूण दिसते. तुमच्या टायरमध्ये मला भुकटी सापडेल असंच वाटतं.

"उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, गरम होऊन टायर फुटतो." हे मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि चांगली जाणती माणसं ते सांगतात. भाऊजी एकटे नाहीत. ऐकायला पटतं, कारण गरम हवा फुगते हे खरं आहे. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढलं की टायरमधली हवा एखाद पीएसआयने (हवेचा दाब मोजायचं माप) चढते. पण टायर बनवणाऱ्यांनी ही चढ आधीच धरलेली असते. गाडीवर लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो. तो ३२ असेल तर घाट उतरून आल्यावर ३६-३७ दिसणं हे तब्येत ठीक असल्याचं लक्षण आहे. धोका उलट बाजूने आहे. हवा कमी असली की टायरची कूस दर फेऱ्याला जास्त वाकते. तुमच्या गाडीचं चाक १०० च्या वेगात सेकंदाला साधारण चौदा-पंधरा वेळा फिरतं. तेवढ्या वेळा कुशीचा प्रत्येक भाग दाबला जातो आणि पुन्हा सरळ होतो. लोखंडी तार सारखी वाकवली की हाताला चटका बसतो ना, तसंच आत चालू असतं. त्यात पाच माणसं, बॅगा, मेमधलं काँक्रीट. रबर आणि आतल्या तारा एकमेकींपासून सुटू लागतात आणि मग एकदम जातात. टायर फुटतो तो त्या आतल्या उष्णतेने, आणि ती उष्णता कमी हवेमुळे वाढते.

म्हणून फूड मॉलवर थांबल्यावर गरम टायरमधली हवा कोणी "जरा कमी करून देतो" म्हणाला तर हात जोडून नको म्हणा. हवा मोजायची ती सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना किंवा फार तर एक-दोन किलोमीटर चालल्यावर. आकडा कुठे बघायचा? चालकाचं दार उघडलं की खांबावर चिकटपट्टी असते, काही गाड्यांत पेट्रोलच्या झाकणाच्या आत. त्यात दोन ओळी असतात: दोन-तीन माणसांसाठी एक आणि भरलेल्या गाडीसाठी दुसरी. भरलेल्या गाडीत मागच्या चाकांचा आकडा बहुतेक जास्त असतो. सगळे घरचे घेऊन निघताना दुसरी ओळ वाचायची असते, आणि जवळजवळ कोणीच ती वाचत नाही. टायरवर कोरलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा आहे, तो भरायचा आकडा नव्हे. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, तो आपला हक्क आहे. पण पंपावरच्या मीटरवर पूर्ण विसंबू नका, स्वतःचा छोटा गेज घ्या. नायट्रोजन भरला तर बिघडत नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन भरला म्हणून मोजणं सुटत नाही. चांगल्या टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय कमी होतच असते.

हे सगळं मुंबईत आपल्या लक्षात येत नाही, याचं मला फार वाटतं. आठवडाभर गाडी बिल्डिंगखाली उभी. चालली तर मुलुंड चेकनाका, सिग्नल, सिग्नल, भांडुप. वीसच्या वेगात २४ पीएसआयचा टायरही तक्रार करत नाही, पॉवर स्टिअरिंग असलं की स्टिअरिंग जड झालंय हेही कळत नाही. मग एक दिवस तोच टायर आपण माणसांनी आणि सामानाने भरून सलग दोन तास १०० वर पळवतो. बाहेरच्या गावचा, रोज हायवेवर असणारा माणूस टायरकडे बघतो, कारण त्याला रोज गरज पडते. आपल्याला वर्षातून चार वेळा पडते आणि नेमकी तेव्हाच सगळे घरचे गाडीत असतात.

याच कारणाने २९ हजार किलोमीटर हा आकडा तुम्हाला फसवतो आहे. नक्षी शाबूत आहे हे गॅरेजवाले खोटं सांगत नाहीत. पण रबर चालल्याने झिजतं तसं नुसतं उभं राहूनही जुनं होतं, हवेने आणि उन्हाने कडक पडतं. टायरच्या कुशीवर इंग्रजीत डीओटी अक्षरं असलेली ओळ शोधा, तिच्या शेवटी चार आकडे असतात. १११९ असेल तर २०१९ चा अकरावा आठवडा, म्हणजे मार्च. कुशीवर किंवा नक्षीच्या खाचांत केसांसारख्या भेगा दिसतात का बघा. कुठे फुगा आलाय का बघा. फुगा म्हणजे खड्ड्यात आपटून आतले धागे तुटलेत. तो टायर त्याच दिवशी काढायचा, त्याला पॅच नसतो. फुटपाथच्या दगडाला घासून गाडी लावायची सवय असेल तर डाव्या बाजूची कूस आधी बघा. सहा वर्षं झाली की मी टायर बदलतो, नक्षी कितीही सुंदर असो. तुमचे उरलेले तीन टायर गाडीच्याच वयाचे असतील, तर माझ्या मते ते चिपळूणला जाऊ नयेत. स्टेपनीही त्याच वयाची असते हे विसरू नका. वापरली नाही म्हणून ती नवी राहत नाही.

एकदम खर्च झेपत नसेल तर निदान आणखी एक नवा घ्या, जो आहे त्याच मापाचा आणि शक्यतो त्याच कंपनीचा, आणि नवी जोडी मागे लावा. इथे गॅरेजवाला वाद घालेल: इंजिन पुढे, ओढ पुढे, म्हणून नवे पुढे. त्याचं ऐकू नका. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की बहुतेक हाताखाली येते. मागची घसरली तर ती फिरते. तुम्ही मागची बाजू कशी सुटते ते अनुभवलं आहे. पुढचे दोन मात्र गणपतीनंतर लगेच. आणि कुर्ल्याला स्वस्तात सेकंडहँड टायर मिळतात म्हणून कोणी नेलं तर जाऊ नका. गुळगुळीत टायरवर गरम पात्याने नव्या खाचा कोरलेल्या असल्या तर भल्याभल्यांना ओळखता येत नाही. कायदा १.६ मिलिमीटर खोली चालवून घेतो, खाचेतल्या छोट्या आडव्या पट्टीला रबर टेकलं की तो टायर संपला. कोकणच्या पावसात मला त्याच्या दुप्पट, तीनच्या आसपास खोली हवी असते, कारण पाणी निघून जायला तेवढी जागा लागतेच.

एवढं सगळं टायरबद्दल लिहिलं, पण ताई, खरी झोप उडवणारी ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे. जळका वास आणि खाली जाणारं पेडल. तुम्ही गप्प बसलात. पुन्हा गप्प बसू नका.

मीही एकदा गप्प बसलो होतो. बऱ्याच वर्षांपूर्वी, कशेडी घाटाचा बोगदा नव्हता तेव्हा, उतारावर पेडल स्पंजासारखं लागलं. मागे पाहुणे होते, लाज वाटली. दोन वळणांनंतर पेडल जमिनीला टेकलं. गिअर खाली टाकून, पाय पुन्हा पुन्हा मारून गाडी कशीबशी थांबली. नंतर कळलं, ब्रेक ऑइल चार वर्षं बदललं नव्हतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि मुंबईच्या हवेत ओलाव्याला काय कमी? डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा धरलेल्यासाठी ती मर्यादा १५५ वर येते. उतारावर सतत ब्रेक घासून ते तापलं की उकळतं, वाफ होते. पातळ पदार्थ दाबला जात नाही पण वाफ दबते, म्हणून आपण पेडल दाबतो आणि ते रिकामं खाली जातं. तुमचं पेडल त्या वाटेला लागलं होतं का, हे मला इथून सांगता येणार नाही. पण गाडीला सहा वर्षं झाली आणि ब्रेक ऑइल कधी बदललं हे तुम्हाला आठवत नसेल, तर गणपतीआधी बदला. साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. सर्व्हिसिंगच्या बिलात "टॉप अप" लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ वरून घातलं. बदललं नव्हे. पूर्ण काढून, हवा काढून नवं भरा असं स्पष्ट सांगा. पुढचे पॅड तीन मिलिमीटरच्या खाली असतील तर बदलून घ्या आणि मागच्या ब्रेकचे ड्रम उघडून आतले शू, म्हणजे घासणाऱ्या पट्ट्या, दाखवायला सांगा. मागचे ड्रम बहुतेक जण उघडतच नाहीत. ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं का, गाडी एका बाजूला जाते का, तेही सांगून ठेवा.

आणि घाट उतरायची रीत. माझ्या काकांनी ट्रक चालवत आयुष्य काढलं. ते सांगायचे, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. खंडाळ्याला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं. वेग वाढला की एकदा ठाम ब्रेक लावायचा आणि सोडायचा, पेडलवर पाय ठेवून घाटभर घासत राहायचं नाही. जळका वास येतो तो त्या घासण्याचा. न्यूट्रल कधीच नाही. पेट्रोल वाचतं ही समजूतही आजच्या गाड्यांत खोटी आहे: गिअरमध्ये पाय काढून उतरत असलात तर इंजिनला पेट्रोल जवळजवळ जातच नाही, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला जातं. वास आलाच तर जागा बघून थांबा, गाडी गिअरमध्ये लावा, अर्धा तास निवू द्या. चाकांवर पाणी ओतू नका, तापलेल्या डिस्कला तडा जातो किंवा ती वाकते. आणि देव न करो, पेडल गेलंच तर: पटापट पंप करा, गिअर एकेक खाली आणा, हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढा. एकदम ओढलात तर मागची चाकं अडकतील.

पावसातली एक छोटी गोष्ट. साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर थोडं अंतर हलका ब्रेक दाबत चाला, म्हणजे पॅड कोरडे होतात. आणि जोरात ब्रेक लावल्यावर पेडल पायाखाली टकटक करायला लागलं तर घाबरून पाय काढू नका. ते एबीएस, म्हणजे चाकं अडकू न देणारी यंत्रणा, काम करतंय, दाबून ठेवा.

भाऊजींबद्दल. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना तो टायर दाखवा. आतली भुकटी दाखवा, दाराच्या खांबावरचा आकडा त्यांनाच वाचायला लावा. त्यांनी २६ करवली ती सगळ्यांच्या काळजीपोटीच, हेही त्यांना सांगा, कारण ते खरं आहे. तुमच्या मिस्टरांनी या वेळी सोबत उभं राहावं. सुनेने एकटीने मोठ्या दिरांना समजावणं आपल्या घरांत किती अवघड असतं ते मला कळतं. एवढं करून ते बोलतच राहिले, तर निदान तुम्हाला तरी आता माहीत आहे की तुम्ही चुकला नव्हतात.

गाडी तुम्हीच चालवा. फक्त एकदम चिपळूणला नको. एखाद्या रविवारी पहाटे पूर्व द्रुतगती मार्गावर ठाण्यापर्यंत जाऊन या, एकट्याच. पुढच्या रविवारी पनवेलपर्यंत. आवाज झाला तर काय करायचं ते मोठ्याने बोलत चालवा: हात घट्ट, पाय शांत, ब्रेक नाही. वेडगळ वाटेल, पण घाबरल्यावर हातापायांना तेच आठवतं जे त्यांनी आधी केलेलं असतं. गणपतीच्या दिवशी पेण, माणगावपर्यंत तुम्ही चालवा, मग हवं तर भाऊजींना द्या. पुढे भोस्ते आणि परशुराम घाटात कोण बसेल ते तेव्हाच्या थकव्यावर ठरवा. फक्त परशुराम घाट सरळ चिपळूणकडे उतरतो, तिथे जो कोणी चालवत असेल त्याला गिअरची आठवण करून द्या.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बॅगा भरण्याआधी स्टेपनी बाहेर काढून तिची हवा बघा. बॅगा भरल्यावर ती कोणी काढत नाही. चाकाचा पाना नटांना बसतो का, जॅक फिरतो का, तेही तेव्हाच बघा. स्टेपनी आकाराने लहान असेल आणि तिच्यावर ८० लिहिलं असेल तर तो तिचा कमाल वेग आहे, आणि ती फक्त पुढच्या टायरवाल्यापर्यंत पोचण्यासाठी आहे. पहाटे गाडी थंड असताना चारही चाकांची हवा भरलेल्या गाडीच्या आकड्यावर आणा. गेज मुलाच्या हातात द्या, आकडे त्याला मोठ्याने वाचू द्या. भाऊजींच्या कानावर ते पडतील.